कंबोडियातलं यादवी युद्ध नेमकं कोणाचं कोणाशी होतं?

मंजिरी_ठाणे

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत कंबोडियाला जाऊन आलो. अंकोर वाट, बायोन, ता प्रोम हे सगळं ठरल्याप्रमाणे पाहिलं, शेवटी नॉम पेन्हला तुओल स्लेंगचा तुरुंगही पाहिला. फोटो आणि प्रवासवर्णन नंतर टाकेन. डोक्यात एक प्रश्न अडकून बसलाय, तो आधी विचारते.

सिएम रीपचा आमचा गाईड पन्नाशीच्या पुढचा होता. गप्पिष्ट माणूस. बसमध्ये कोणीतरी त्याला विचारलं, तुमच्या घरातलं कोणी त्या काळात गेलं का? तो म्हणाला, "आमच्या घरातून चार सैन्यांत माणसं होती." वडील तेव्हाचा राज्यकर्ता लोन नोल याच्या फौजेत, ते १९७५ नंतर दिसलेच नाहीत. मोठा मामा ख्मेर रूजमध्ये, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्टांत. चुलतभाऊ थायलंडच्या सीमेवरच्या कुठल्याशा तिसऱ्याच गटात. आणि हा स्वतः मिसरूड फुटायच्या आत सरकारी सैन्यात भरती झाला, म्हणजे मामाच्याच विरुद्ध. हे सगळं त्याने हसत हसत सांगितलं आणि लगेच दुपारच्या जेवणाबद्दल बोलायला लागला.

तुओल स्लेंगला मात्र सगळीकडे "तीन वर्षं आठ महिने वीस दिवस" एवढंच ऐकायला मिळालं. मग गाईड म्हणतो ते तीस वर्षांचं युद्ध कुठलं? ते कधी सुरू झालं, कोणी कोणाविरुद्ध केलं? शिवाय ज्या राजाचे फोटो हॉटेलापासून शाळेपर्यंत सगळीकडे लावलेत, तो सिहानूक म्हणे ख्मेर रूजच्या बाजूने होता. मग लोक त्याला हात कसे जोडतात? नेटवर वाचायला गेले तर दर ओळीला एक नवीन लघुरूप येतं आणि मी हरवते. कोणी नीट समजावून सांगेल का?

आडवा_बाण

एवढं काही अवघड नाही. अमेरिकेने व्हिएतनामच्या नादात कंबोडियावर २७ लाख टन बॉम्ब टाकले, दुसऱ्या महायुद्धात दोस्तांनी टाकले त्याहून जास्त. गावंच्या गावं जळाली, वाचलेली पोरं जंगलात जाऊन पोल पॉटला मिळाली. बाकी सगळा तपशील आहे. यादवी वगैरे नाव देऊन स्थानिकांच्या माथी मारायचं ही जुनी युक्ती.

शिळारक्षक

मंजिरी, तुमच्या गाईडने दिलेलं उत्तर बरोबर आहे. फक्त त्याला सनावळी लावायची राहिली आहे.

आधी माझी ओळख, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी पुरातत्त्व खात्याच्या रसायन शाखेत होतो, औरंगाबादला. आता निवृत्त आहे. १९८६ ते १९९३ या काळात आपल्या खात्याने अंकोर वाटच्या जतनाचं काम केलं, त्यातल्या काही हंगामांत मी तिथे होतो. म्हणजे ज्या युद्धाबद्दल तुम्ही विचारताय ते चालू असताना. आम्ही दिवसा भिंतींवरचं शेवाळ आणि दगडफूल काढायचो, आणि रात्री कुलेन डोंगराच्या बाजूने तोफा ऐकू यायच्या. संध्याकाळनंतर बाहेर पडायला मनाई. आजूबाजूला बंदूकधारी पहारा. तेव्हा पर्यटक नावाचा प्राणी तिथे जवळपास नव्हताच, त्यामुळे कामगारांशी बोलायला वेळ भरपूर मिळायचा. दुभाषा कंटाळून झोपेपर्यंत.

ती "तीन वर्षं आठ महिने वीस दिवस" ही मुदत ख्मेर रूजच्या राज्याची आहे. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९. युद्ध त्याच्या आठ वर्षं आधी पेटलं होतं आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं चाललं. हत्याकांड या लांबलचक युद्धाच्या मधोमध आहे. जगाला तेवढंच माहीत झालं, कारण ते खरोखरच तेवढं भयंकर होतं.

सुरुवात कुठून धरायची? पुस्तकं १९७० म्हणतात. मी १९६७ धरतो, आणि धरतो ते भातामुळे.

बट्टामबांग प्रांत म्हणजे त्या देशाचं भाताचं कोठार. १९६५-६६ च्या सुमाराला शेजारच्या व्हिएतनाममध्ये लढाई वाढली, तिथल्या कम्युनिस्ट फौजांना तांदूळ हवा होता आणि ते सरकारपेक्षा कितीतरी चांगला भाव देत होते. शेतकरी आणि व्यापारी दोघेही माल सीमेपार घालायला लागले. सरकारचं उत्पन्न भाताच्या निर्यातीवर, तेच बुडालं. मग पंतप्रधान लोन नोल यांनी सैनिक पाठवून सरकारी भावाने भात उचलायला सुरुवात केली. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकात धान्याची लेव्ही होती, तलाठी खळ्यावर येऊन बसायचा, ते ज्यांच्या घरच्यांना आठवत असेल त्यांना शेतकऱ्याचा जळफळाट कळेल. इथे तलाठ्याच्या जागी रायफल घेतलेला शिपाई आला. त्यात साम्लोट भागात जमिनींचाही राग होता, बाहेरून आणून वसवलेल्या लोकांना जमिनी दिल्याचा. २ एप्रिल १९६७ ला साम्लोटच्या गावकऱ्यांनी भात उचलायला आलेल्या तुकडीतल्या दोन सैनिकांना मारलं आणि बंदुका घेतल्या. उत्तर म्हणून सैन्याने गावं जाळली, वरून बॉम्ब टाकले, हजारो लोक जंगलात पळाले. ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्याच, सरकारी विमानातून ख्मेर गावावर बॉम्ब. अमेरिकेची बी-५२ विमानं तिथे यायला अजून दोन वर्षं होती. आडवा_बाण, तुमच्या हिशोबात हे प्रकरण कुठे बसतं ते सांगा.

त्या वेळी राजसत्ता सिहानूकच्याच हातात होती. १९५३ ला फ्रेंचांकडून स्वातंत्र्य मिळवलेला, राजेपद वडिलांना देऊन स्वतः राजकारणात उतरलेला, सिनेमे काढणारा, सॅक्सोफोन वाजवणारा माणूस. साम्लोटचा बंदोबस्त त्याच्याच राजवटीत झाला. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा विनोद यावर आहे.

पोल पॉट, म्हणजे सालोथ सार, आणि पॅरिसला शिकून आलेले त्याचे सोबती तेव्हा जंगलात होते, पण संख्येने किरकोळ. त्यांनी जानेवारी १९६८ ला सशस्त्र लढा जाहीर केला, तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. सिहानूकनेच त्यांना "ख्मेर रूज" हे नाव दिलं होतं, म्हणजे लाल ख्मेर. दोन वर्षांनी तोच त्यांचा नेता झाला.

घडलं ते असं. मार्च १९७० मध्ये सिहानूक परदेशात होता. १८ मार्चला नॉम पेन्हच्या संसदेने त्याला पदच्युत केलं. पुढाकार लोन नोलचा आणि सिहानूकचाच चुलतभाऊ सिरिक मताक याचा. बातमी त्याला मॉस्कोत विमानतळाकडे जाताना रशियन पंतप्रधान कोसिगिन यांनी सांगितली. तो तिथून बीजिंगला गेला आणि पाच दिवसांत रेडिओवरून आपल्या "लेकरांना" जंगलात जाऊन लढायला सांगितलं. ज्यांना त्याने कालपर्यंत तुरुंगात टाकलं, मारलं, त्याच कम्युनिस्टांबरोबर त्याने आघाडी केली.

माझ्या मते युद्धाचा खरा सांधा इथे आहे. खेड्यातल्या माणसाला मार्क्स माहीत नव्हता, राजा माहीत होता. मार्चच्या अखेरीस काम्पोंग चाममध्ये राजाच्या बाजूने मोठा दंगा झाला, शेतकरी त्याच्या तसबिरी घेऊन निघाले, जमावाने लोन नोलच्या भावालाच ठार केलं. सैन्याने निदर्शकांवर गोळ्या चालवल्या. त्यानंतर पोरं जंगलात गेली ती राजासाठी.

आमच्याकडे परांचीवर, म्हणजे बांबूच्या मचाणावर, काम करणाऱ्या बायकांमध्ये एक चाळिशीची बाई होती, ब्रश चालवण्यात सगळ्यांत वाकबगार. तिचे दोन भाऊ. थोरला शहरात शिकायला होता, तो लोन नोलच्या फौजेत गेला, कारण शहरात तीच भरती होती. धाकटा गावात होता, त्याला १९७० मध्ये राजाची ध्वनिमुद्रित हाक ऐकवली गेली आणि तो दुसरीकडे गेला. मी तिला विचारलं, दोघांचं पटत नव्हतं का? ती माझ्याकडे जरा वेड्याकडे पाहावं तसं बघत राहिली. म्हणाली, पटायचं की, एक शहरात होता आणि एक गावात. बस, एवढाच फरक. तुमच्या गाईडचे वडील आणि मामा असेच वेगळे झाले असणार. विचारसरणी वगैरे पॅरिसहून आलेल्या मूठभरांकडे होती. बाकीच्यांची बाजू ठरली ती त्या रात्री गावात कोण आलं यावरून.

लोन नोलबद्दल थोडं सांगायलाच हवं. या गृहस्थांनी ऑक्टोबर १९७० ला राजेशाही बरखास्त करून ख्मेर प्रजासत्ताक जाहीर केलं. त्याआधी एप्रिलमध्ये देशातल्या व्हिएतनामी वस्त्यांवर हल्ले होऊन शेकडो प्रेतं मेकाँगमधून वाहत गेली होती, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच दक्षिण व्हिएतनामचं सैन्य यांच्या मदतीला आलं. कसं आलं असेल विचार करा. १९७१ च्या सुरुवातीला पोचेंतोंग विमानतळावर एका रात्रीत जवळजवळ सगळं हवाई दल जळालं, पाठोपाठ लोन नोलला पक्षाघाताचा झटका आला. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने सहा नंबरच्या रस्त्याने काम्पोंग थोमकडे आपल्या सर्वांत चांगल्या पलटणी एका लांब रांगेत सोडल्या. "चेनला दोन" असं त्या मोहिमेचं नाव, जुन्या ख्मेर राज्यावरून. रस्ता ताब्यात, दोन्ही बाजूची शेतं शत्रूची. ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तर व्हिएतनामच्या तुकड्यांनी ती रांग ठिकठिकाणी तोडली आणि डिसेंबरपर्यंत सगळं संपलं. लोन नोलचं सैन्य त्यातून पुन्हा उभं राहिलं नाही. वरचे अधिकारी अस्तित्वात नसलेल्या शिपायांचे पगार उचलत होते आणि सेनापती ज्योतिष्यांच्या सल्ल्याने राजधानीभोवती मंतरलेली वाळू टाकत होता.

एक गोष्ट कागदोपत्री पक्की आहे: १९७२ पर्यंत लोन नोलविरुद्धची मोठी लढाई उत्तर व्हिएतनामच्या फौजा लढत होत्या. त्या आडोशाला ख्मेर रूजने स्वतःचं सैन्य आणि गावागावांतली यंत्रणा बांधली. मग सिहानूकच्या नावाने आलेल्यांना हळूहळू बाजूला सारलं. १९७३ च्या वसंतात सिहानूकला जंगलमार्गे आणून कुलेन आणि अंकोरला फिरवलं, काळे कपडे घालून फोटो काढले. गळ्यात क्रमा, म्हणजे तिथला चौकड्यांचा रुमाल, शेजारी हसणारे नेते. खाली सैन्यात तोवर त्याची माणसं उरली नव्हती.

उरलेलं रात्री लिहितो. डोळे दुखतात.

आडवा_बाण

म्हणजे अमेरिकेला क्लीन चिट. छान.

शिळारक्षक

अजिबात नाही. पण आकडा तरी बरोबर घ्या. २७ लाख टनांचा आकडा २००६ च्या सुमाराला फिरला, आणि ज्यांनी तो मांडला त्यांनीच पुढे तो सुमारे ५ लाख टनांवर आणला. ५ लाख टन हेसुद्धा त्या टिचभर देशासाठी भयानकच आहे. मार्च १९६९ पासून चौदा महिने गुपचूप बॉम्बफेक झाली, अमेरिकेच्या संसदेलासुद्धा पत्ता नाही, मोहिमांची नावं न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण अशी. या चवीला काय म्हणावं. पण सर्वांत जास्त मारा झाला तो फेब्रुवारी ते १५ ऑगस्ट १९७३ या सहा महिन्यांत, एकूणपैकी जवळपास निम्मा. पॅरिसला व्हिएतनामबाबत करार होऊन विमानं मोकळी झाली होती, ती इकडे वळवली. ६ ऑगस्टला तर नेआक लुओंग या लोन नोलच्याच ताब्यातल्या गावावर चुकून मारा झाला, १३७ माणसं गेली. सरकारी सैनिक आणि त्यांची बायकापोरं.

या माऱ्याने ख्मेर रूजला दोन फायदे झाले. भरतीसाठी भाषण करायची गरज उरली नाही, खड्डा दाखवला की काम व्हायचं. आणि खेड्यांतून लाखो माणसं पळून नॉम पेन्हला आली, सहा लाखांचं शहर वीस लाखांच्या वर गेलं. पुढे ख्मेर रूजच्या लेखी या सगळ्या निर्वासितांवर "शत्रूच्या आश्रयाला गेलेले" असा शिक्का बसला. १७ एप्रिलला शहर रिकामं केलं तेव्हा "अमेरिकन बॉम्ब टाकणार आहेत" हेच कारण सांगितलं आणि लोकांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

तेव्हा बॉम्बनी आग भडकवली हे शंभर टक्के मान्य. पण लाकडं भाताच्या खळ्यावर आधीच रचलेली होती, आणि काडी संसदेत पडली. ख्मेर माणूस म्हणजे दुसऱ्यांच्या युद्धात सापडलेला बिचारा, हे ऐकायला बरं वाटतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना ते ऐकून राग यायचा. त्यांना नावं माहीत होती, कोणी कोणाला घरातून उचलून नेलं ती. ती नावं ख्मेर होती, बऱ्याचदा शेजारच्या गल्लीतली.

मंजिरी_ठाणे

काका, किती सविस्तर लिहिलंत! लोन नोलच्या फौजेतला तो थोरला भाऊ १९७५ नंतर गेला असणार, हे विचारायचं धाडस होत नाही. पण एक कळत नाही. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामने ख्मेर रूजला हाकललं, मग आनंदच की. त्यानंतर आणखी वीस वर्षं कोण आणि कशासाठी लढलं? आणि तुम्ही म्हणजे आपला देश तिथे कसा पोचला?

शिळारक्षक

थोरला गेला. पहिल्याच आठवड्यात, अधिकाऱ्यांना "राजाच्या स्वागताला चला" म्हणून ट्रकमध्ये बसवलं त्यात. असं अनेक ठिकाणी झालं. धाकट्याचं पुढे सांगतो.

१९७५ ते १९७९ मध्ये पंधरा ते वीस लाख माणसं मेली, देशाच्या लोकसंख्येच्या जवळपास चतुर्थांश. ते तुम्ही पाहून आलात. पण त्या काळातही ख्मेर रूजमध्ये अंतर्गत युद्ध झालं, त्याबद्दल गाईड फार बोलत नाहीत. १९७८ च्या मे महिन्यात पोल पॉटने देशाच्या पूर्व विभागातल्या स्वतःच्याच लोकांवर फौज घातली. व्हिएतनामला फितूर झालात असा आरोप. विभागप्रमुख सो फिम याने आत्महत्या केली. तिथल्या लोकांना पश्चिमेकडे हलवताना निळ्या चौकड्यांचे क्रमा वाटले गेले, आणि पुढे त्या निळ्या रुमालांवरूनच ओळखून मारलं. जे सीमा ओलांडून व्हिएतनामला निसटले त्यांत हेंग साम्रिन होता. हुन सेन त्याआधीच, १९७७ ला पळाला होता. डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामी सैन्याबरोबर हीच माणसं परत आली आणि त्यांचं सरकार बसलं. म्हणजे १९७९ नंतर सरकारात माजी ख्मेर रूज आणि जंगलात आजी ख्मेर रूज. त्या बाईचा धाकटा भाऊ पूर्व विभागात होता. तो व्हिएतनामच्या बाजूने परत आला आणि मग सरकारी शिपाई म्हणून स्वतःच्या जुन्या तुकडीशी लढला. गणवेश दोन, माणूस एकच.

आता जगाची कमाल पाहा. व्हिएतनामने दुसऱ्या देशात सैन्य घातलं हा मुद्दा धरून चीन, अमेरिका, थायलंड आणि त्यांचे मित्र एकत्र आले, आणि संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्या सरकारकडेच राहिली. १९८२ मध्ये त्याला सभ्य मुखवटा म्हणून क्वालालंपूरला आघाडी केली: ख्मेर रूज, माजी पंतप्रधान सोन सान यांचा गट, आणि अध्यक्ष कोण तर पुन्हा सिहानूक! याच ख्मेर रूजने त्याला राजवाड्यात कोंडून ठेवलं होतं आणि त्याची पाच मुलं त्यांच्या राज्यात गेली होती. तरी बसला. तिन्ही गटांचे तळ थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत, धान्य संयुक्त राष्ट्रांचं, बंदुका चीनच्या. तुमच्या गाईडचा चुलतभाऊ इथलाच. चार सैन्यं पूर्ण झाली.

लढाईला ऋतू होते. कोरड्या हंगामात सरकार आणि व्हिएतनामी पुढे सरकायचे, पावसाळ्यात रस्ते चिखलात गेले की गनीम. १९८४-८५ च्या हंगामात व्हिएतनामींनी सीमेवरचे सगळे मोठे तळ उडवले. मग सरकारने पूर्ण सीमेवर झाडी तोडून, कुंपण घालून, सुरुंग पेरून भिंत करायचं काढलं. के-फाइव्ह असं त्या योजनेचं नाव. गावागावातून माणसं धरून नेली, किती जण हिवतापाने गेले आणि किती सुरुंगांनी याची मोजदाद नाही. आमच्याकडे मचाणावर बायका जास्त का होत्या त्याचं हेही एक कारण. पुरुष एक तर मेले होते, नाही तर सीमेवर होते, नाही तर एका पायाचे होते.

आपण तिथे पोचलो ते इंदिरा गांधींमुळे. जुलै १९८० मध्ये भारताने हेंग साम्रिन सरकारला मान्यता दिली. कम्युनिस्ट गटाबाहेरच्या फारच थोड्या देशांनी ती दिली होती. त्यामुळे अंकोर वाटसाठी बाहेरून मदत मागायची वेळ आली तेव्हा नॉम पेन्हच्या ओळखीतले आपणच. फ्रेंच तज्ज्ञांचं खरं तर ते घर. १९७० च्या जूनमध्ये लढाई सिएम रीपला आली, देवळं कम्युनिस्टांच्या ताब्यात आणि गाव लोन नोलकडे, तरी त्यांची माणसं दीड वर्ष दोन्ही रेषा ओलांडून रोज कामाला जात होती. १९७२ च्या जानेवारीत तेही थांबलं. बाफुऑन मंदिराचे तीनेक लाख दगड त्यांनी पुन्हा रचण्यासाठी सुटे करून ठेवले होते, कुठला दगड कुठे याचे कागद १९७५ मध्ये नष्ट झाले. ते काम पुरं व्हायला २०११ उजाडलं. आम्ही वापरलेल्या रसायनांवर पुढे पुष्कळ टीका झाली, त्यावर माझी मतं आहेत, पण तो वेगळा धागा होईल आणि मी तिथे भांडेन.

नॉमपेन्हकर

उशिरा आलो. मी मूळचा इचलकरंजीचा, इथे कपड्याच्या कारखान्यात उत्पादन बघतो, बरीच वर्षं झाली. काकांनी १९८९ पर्यंत आणलंय, शेवट मी सांगतो, कारण मी ज्यांच्याबरोबर रोज काम करतो ते त्या शेवटाचे लाभार्थी आहेत.

सप्टेंबर १९८९ मध्ये व्हिएतनामी सैन्य परत गेलं. २३ ऑक्टोबर १९९१ ला पॅरिसला चारही बाजूंनी करारावर सह्या केल्या. संयुक्त राष्ट्रांचे वीस हजारांवर लोक आले, आपलीही पलटण त्यात होती. मे १९९३ च्या निवडणुकीवर ख्मेर रूजने बहिष्कार टाकला, धमक्या दिल्या, तरी सुमारे ९० टक्के लोकांनी मतदान केलं. सिहानूकचा मुलगा रणरिद्ध याचा पक्ष ५८ जागा जिंकून पहिला, हुन सेनचा ५१ वर. आधीपासून पंतप्रधान असलेला हुन सेन म्हणाला, मी जात नाही. सैन्य आणि पोलीस त्याचे. तोडगा काय निघाला? दोन पंतप्रधान! पहिला रणरिद्ध, दुसरा हुन सेन. असला संसार किती दिवस चालणार. जुलै १९९७ मध्ये राजधानीत दोन दिवस रणगाडे फिरले आणि पहिल्या पंतप्रधानाचं पद गेलं.

ख्मेर रूज संपले ते लढाईत हरून नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये पोल पॉटचा साडू इयेंग सारी पैलिनच्या माणकांच्या खाणींसकट सरकारला येऊन मिळाला. त्याला राजाची माफी मिळाली, त्याच्या लोकांच्या जमिनी आणि हुद्दे तसेच राहिले. ते बघून बाकीचे एकेक करून आले. उरलेल्यांत आपसात कापाकापी झाली. पोल पॉटने जुना सहकारी सोन सेन याला कुटुंबासकट मारलं, मग ख्मेर रूजचाच सेनापती ता मोक याने पोल पॉटलाच धरलं. १५ एप्रिल १९९८ ला तो आन्लोंग वेंगजवळ मेला. डिसेंबरमध्ये नुओन चिआ आणि खिउ साम्फान हे बडे नेते शरण आले, मार्च १९९९ मध्ये ता मोक पकडला गेला. खटले फार उशिरा चालले. विशेष न्यायालयाचं काम २००६ ते २०२२ चाललं आणि शिक्षा झाली एकूण तिघांना. इयेंग सारी निकालाआधीच वारला.

हुन सेन हे सगळं "विन-विन" धोरण म्हणून मिरवतो. शहराच्या उत्तरेला त्याचं भलंमोठं स्मारकही आहे. २०२३ पासून पंतप्रधान त्याचा मुलगा हुन मानेत. आमच्या कारखान्यात पहारेकऱ्यांचा प्रमुख पैलिनकडचा, दुरुस्ती विभागाचा प्रमुख सरकारी सैन्यातून आलेला, दोघं एकाच टेबलावर जेवतात. काही विचारलं तर पगारवाढीवर येतात. तरुण पोरींना तर पोल पॉट म्हणजे आजी भात टाकून दिल्यावर ओरडते तेव्हाचा विषय.

राजाबद्दल. मंजिरीताई, लोक त्याला हात जोडतात कारण १९५३ त्याचं आहे, आणि १९७० च्या आधीची शांतता त्याच्या नावावर जमा आहे. साम्लोट त्याच्या खात्यावर कोणी लिहीत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये तो बीजिंगला वारला, शव इथे आणलं तेव्हा विमानतळापासून राजवाड्यापर्यंत लोक रस्त्यावर होते. आमच्या जुन्या स्वयंपाकीणबाई दिवसभर जाऊन बसल्या होत्या. त्यांचा नवरा राजाच्या रेडिओवरच्या हाकेवर जंगलात गेलेला. मी तेव्हा काही विचारलं नाही.

आडवा_बाण

काका, २७ चा आकडा मागे घेतो. लाकडं-काडीचा मुद्दा अजून पटलेला नाही. १९६९-७० ची बॉम्बफेक झाली नसती तर व्हिएतनामी तळ सीमेवरून आत सरकले नसते, ते आत आले नसते तर लोन नोलला संसदेत तो ठराव करायला निमित्त मिळालं नसतं.

शिळारक्षक

हे मात्र वजनदार आहे. तळ आत सरकले हे खरं. पण ते तळ सीमेवर बसू दिले कोणी, सिहानूकव्हिल बंदरातून त्यांची रसद जाऊ दिली कोणी, आणि त्या रसदीवर दलाली खाल्ली कोणी? सिहानूकचे सेनाधिकारी. पुढे लोन नोलकडेही तेच होते. चालू ठेवा, मी आहे.

मंजिरी_ठाणे

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. गाईडला तुमच्या उत्तरांचं इंग्रजी करून पाठवावं असं वाटतंय. पुढच्या वर्षी मोठा भाऊ जाणार आहे, त्याला हे बघायचंच आहे. तुओल स्लेंग सोडून या युद्धाच्या काही खुणा कुठे दिसतात?

नॉमपेन्हकर

सिएम रीपहून उत्तरेला आन्लोंग वेंग, गाडीने दोनेक तास. ता मोकचं तळ्याकाठचं घर आहे, आणि डोंगर चढून सीमेजवळ पोल पॉटला जाळलं ती जागा, पत्र्याखाली. बघण्यासारखं काही नाही, तरी लोक जातात. पण जुलै २०२५ मध्ये थायलंडशी त्या पट्ट्यात तोफा चालल्या, तेव्हा निघण्याआधी रस्ता खुला आहे का ते हॉटेलात विचारूनच जायला सांगा. आणि लघवीलासुद्धा झाडीत शिरू नको म्हणावं, रस्त्याच्या कडेलाच उभं राहायचं. सुरुंग अजून निघतायत.

शिळारक्षक

अंकोर वाटलाच पश्चिमेच्या प्रवेशद्वाराच्या खांबांवर गोळ्यांच्या खुणा आहेत. गाईडला विचारलं की दाखवतात. कोणाच्या गोळ्या ते मात्र दर गाईड वेगळं सांगतो.